तिथी घराची, तारीख मैत्रिणींची

माझा जन्म १७ जानेवारी १९६५ चा. पंचांगाच्या भाषेत शके १८८६, पौष पौर्णिमा, क्रोधीनाम संवत्सर. संवत्सरांची साठ नावे एकापाठोपाठ एक येत राहतात आणि साठ वर्षांनी पुन्हा पहिल्यावर येऊन ठेपतात, त्यामुळे ज्याची साठी भरते त्याच्या वाट्याला जन्माचे संवत्सर दुसऱ्यांदा येते. गेल्या गुढीपाडव्याला पंचांगातले ‘क्रोधी’ हे नाव मोठ्याने वाचून यजमानांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “साठ वर्षांनी परत आले म्हणतात, पण आमच्या घरातून ते गेले कधी होते?” साठीच्या चर्चेला सुरुवात झाली ती तेव्हापासून.

दिवाळी उलटल्यावर चर्चेचा समारंभ होऊ लागला. मुलाने दोन हॉल पाहून ठेवले, सुनेने पाहुण्यांची यादी ऐंशीपर्यंत नेली, जतहून आईने फोन करून साठीला उग्ररथ शांत करायची असते याची आठवण दिली, तर थोरल्या दिरांनी पौषात काही करू नये असे सांगितले. यातला प्रत्येकजण प्रेमानेच बोलत होता, हे मला मान्य आहे. पण गेली पस्तीस वर्षे स्वतःच्या वाढदिवसाला मी इतरांच्या पानात पुऱ्या वाढत आले आहे आणि ऐंशी पाहुण्यांच्या कार्यक्रमात नवी साडी नेसून पुन्हा तेच करावे लागणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. शिवाय माझी तारीख येते संक्रांत आणि रथसप्तमी यांच्या मध्ये, म्हणजे ऐन हळदीकुंकवांच्या दिवसांत. त्या दिवशी घरी बायका येतात त्या वाण लुटायला, आणि चपला घालताना एखादी दारातून वळून म्हणते, “अगं, आज तुझा वाढदिवस ना?”

शेवटी वाट पंचांगानेच काढून दिली. २०२५ मध्ये पौष पौर्णिमा १३ जानेवारीला, सोमवारी आली आणि त्याच दिवशी भोगीही होती. मी घरात जाहीर केले की तिथीचा वाढदिवस तुमचा आणि तारखेचा माझ्या मैत्रिणींचा. भोगीला तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, लोणी आणि मिसळीची भाजी असा बेत झाला. सुनेने कणकेचे साठ दिवे वळले आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईने अंगठी-सुपारी फिरवून मला ओवाळले. पाहुणे अकरा होते. हॉलचे पैसे वाचले म्हणून मुलगा थोडा हिरमुसला, हे माझ्या मुलाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

आता मैत्रिणींविषयी. १९८२ ते १९८५ या काळात आम्ही सहाजणी कोल्हापुरात एका वसतिगृहाच्या एकाच मजल्यावर राहून शिवाजी विद्यापीठाची बी. कॉम. करत होतो. त्या मजल्यावर एकाच नावाच्या तीन मुली होत्या आणि एकीला हाक मारली की तिघी बाहेर येत, म्हणून मुलींनी नावे सोडून गावांनी हाका मारायला सुरुवात केली. मी जत झाले. बाकीच्या पाच म्हणजे मालवण, निपाणी, बार्शी, चंदगड आणि कराड. पुढे लग्ने झाली, आडनावे बदलली, दोघींची तर सासरी पहिली नावेही बदलली, पण गावाचे नाव कोणाला बदलता आले नाही. बँकेत मी मॅडम आहे, घरात आई, वहिनी, काकू आणि आता आजी आहे. ‘जत’ अशी हाक मारणाऱ्या पृथ्वीवर पाचच बायका आहेत.

माझ्या तारखेला आम्ही सहाजणींनी कुठे जायचे, हे ठरवायला मात्र वेळ लागला नाही, कारण मालवणच्या गावी जायचे ते १९८४ मध्येच ठरले होते. मालवण आम्हाला रोज रात्री सिंधुदुर्ग किल्ल्याच्या गोष्टी सांगत असे: समुद्राच्या मध्यात किल्ला आहे, त्यात गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि एक माड असा आहे की त्याला दोन फांद्या आहेत. माडाला फांद्या असतात यावर आमच्यापैकी कोणाचाही विश्वास बसला नाही, तेव्हा चिडून तिने दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांना घरी येण्याचे आमंत्रण दिले. आम्ही पाचजणींनी परवानगीसाठी घरी आंतरदेशीय पत्रे लिहिली आणि पंधरा दिवसांत पाचही नकार आले. चंदगडच्या आईने होडी उलटते असे लिहिले होते, कराडच्या वडिलांनी नुसते ‘नाही’ लिहून खाली सही केली होती. माझ्या वडिलांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता; त्यांनी लिहिले की समुद्र कुठे पळून जात नाही, लग्नानंतर नवऱ्याबरोबर जा. नवऱ्याने मला महाबळेश्वरला नेले. होडीच्या नुसत्या कल्पनेने त्यांना मळमळते.

सहाजणींत साठी गाठणारी मी पहिली, म्हणून माझ्या तारखेवर ती राहिलेली सहल करायची असे आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ठरले. ठरणे सोपे होते, सहा घरांच्या अडचणी एका आठवड्यातून बाजूला काढणे अवघड होते. एकीचे नातवंड, एकीचे सासरे, एकीच्या भाचीचे लग्न, आणि माझी बँक. मी ३१ जानेवारीला निवृत्त होणार होते, त्यामुळे वरिष्ठांना वाटत होते की शेवटच्या महिन्यात मी सगळी कपाटे लावून द्यावीत. साचलेल्या रजेचे पैसे ठरावीक दिवसांपुरतेच मिळतात, त्यावरच्या रजा वायाच जाणार आहेत, तेव्हा त्यांतल्या तीन मी समुद्राला देणार आहे, असे मी त्यांना सांगितले. बत्तीस वर्षे त्या बँकेत काढल्यावर एवढे तरी म्हणता येते.

रेल्वेने १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली, त्यामुळे साठीच्या सहलीचे तिकीट बरोबर साठ दिवस आधी काढण्याचा योग जुळून आला. ज्येष्ठ नागरिकांची सवलत आता मिळेल अशी बार्शीची समजूत होती. पूर्वी बायकांना अठ्ठावन्नाव्या वर्षापासून निम्मे भाडे पडत असे, पण मार्च २०२० मध्ये ती सवलत बंद झाली ती झालीच. आम्ही पोहोचेपर्यंत दुकान मिटले होते. उलट एसटीत बायकांना २०२३ पासून कोणत्याही वयात निम्मे तिकीट आहे, म्हणून कराडने कोल्हापूरपर्यंत एसटीनेच येण्याचा हट्ट धरला. तिच्याकडे स्वतःची गाडी आहे.

मालवण, बार्शी आणि मी ठाण्याहून मांडवी एक्सप्रेसमध्ये बसलो. निपाणीने आपली गाडी काढली, कोल्हापुरात रंकाळ्यापाशी चंदगड आणि कराड यांना घेतले आणि राधानगरीवरून फोंडा घाटाने खाली उतरली. बार्शीने बरोबर आणलेल्या शेंगांच्या पोळ्या सोडेपर्यंत गाडीत वडे, कटलेट, ऑम्लेट असे काहीतरी सतत फिरतच होते आणि आम्ही ते सतत घेतच होतो. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो, त्याची लांबी साडेसहा किलोमीटर आहे. अंधारात मालवण म्हणाली की आपण कोल्हापुरात होतो तेव्हा यातले काहीच नव्हते. सुट्टी संपली की घाट चढणाऱ्या एसटीच्या खिडकीला डोके टेकवून ती रडत यायची आणि आम्हाला सांगायची की गाडी लागली होती. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली १९९८ मध्ये, आमच्या रडण्यासाठी ती तेरा वर्षे उशिरा आली.

मुक्कामाचे ठिकाण मी निवडले होते आणि ते चुकले. समुद्राला लागून असलेल्या एका निवासाची छायाचित्रे पाहून मी तळमजल्यावरच्या तीन खोल्यांसाठी नऊ हजार रुपये आगाऊ भरले होते. आम्ही संध्याकाळी पोहोचलो तर तळमजल्यावर दुसरीच मंडळी उतरलेली होती आणि आमच्या खोल्या बाहेरून जाणाऱ्या लोखंडी जिन्याने वर होत्या. कराडच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. तिने त्या जिन्याकडे पाहिले, सामानाच्या पिशवीवर बसली आणि शांतपणे म्हणाली की मी इथेच वाळूत झोपते, तुम्ही सकाळी मला उठवा. व्यवस्थापकाशी बोलण्याचे काम मी केले, म्हणजे बत्तीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूने जे ऐकत आले ते सगळे पहिल्यांदा बाहेरच्या बाजूने म्हटले. पैसे परत मिळाले नाहीत. ती रक्कम मी हिशेबात ‘अनुभव’ या शीर्षाखाली टाकली आहे.

मालवणचे माहेर तिथून पंधरा मिनिटांवर होते, पण भाऊ गेल्यानंतर वहिनी एकट्या राहतात आणि त्यांच्या अंगावर सहा बायका नेऊन घालायच्या नाहीत, असे तिने आधीच बजावून ठेवले होते. आता इलाज नव्हता. तिने फोन करून अर्धे वाक्य बोलण्याच्या आत पलीकडून आवाज आला, “आधी हंय येवक् काय झालेलां?” आम्ही पोहोचलो तेव्हा वहिनींनी भाताचा टोप चुलीवर चढवलेला होता, काळ्या वाटाण्याचे सांबार उकळत होते आणि ओटीवर सहा चटया घातलेल्या होत्या. चटयांवर झोपण्याची सवय आमच्यापैकी एकीलाही उरलेली नाही. रात्रभर कोणी ना कोणी उठून बसत होते, आणि कोणी उठले की दुसरी विचारत होती, “काय गं, झोप नाही?” पहाटेपर्यंत सगळ्याच जाग्या होत्या आणि वसतिगृहाच्या परीक्षेच्या रात्रीसारखी सगळी बोलणी झाली होती.

सतरा तारखेच्या सकाळी मला जाग आली ती आंबूस वासाने. वहिनींनी आदल्या रात्री, आम्ही जेवत असताना, कोणाला न सांगता पीठ भिजवून ठेवले होते. तांदूळ, उडीद, थोडे पोहे, थोडी मेथी आणि हळदीची चिमूट असे ते पीठ आता टोपाच्या काठापर्यंत चढले होते. त्यांनी चुलीवर मातीचे खापर ठेवले, नारळाच्या शेंडीचा झुबका तेलात बुडवून आतून फिरवला आणि पळीभर पीठ मधोमध ओतून ते पसरवले नाही, तसेच राहू दिले. पिठावर आधी काठाकडून बारीक भोके पडत आली, मग मध्याकडे, आणि वरचा ओलेपणा गेल्यावर त्यांनी त्यावर झाकण ठेवले. निघाली ती बोटभर जाडीची, पिवळसर, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली खापरोळी. ती त्यांनी नारळाच्या दुधात बुडवली. दुधात गूळ आणि वेलची होती. ती दूध इतके पिते की ताटातला रस तिच्याभोवती खाली खाली जाताना दिसतो.

वहिनींनी ते ताट माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, “घे गो बाय, तुझो केक.” माझ्या आयुष्यातला तो पहिला केक, जो मी कापला नाही आणि वाटलाही नाही. मी तीन खाल्ल्या.

किल्ल्यावर जायला मालवणच्या धक्क्यावरून होड्या सुटतात. होडीत उतरताना कराडचा एक पाय धक्क्यावर आणि दुसरा होडीत अशी अवस्था झाली, तेव्हा नावाड्याने तिला दोन्ही खांद्यांना धरून उचलून आत ठेवले आणि म्हणाला, “मावशी, भिया नको, म्हैसपण नेलंय ह्येतून.” कराडने त्याला माफ केले नाही. होडी निघाल्यावर चंदगडने डोळे मिटून घेतले आणि अर्ध्या वाटेवर म्हणाली, “आईचे पत्र आठवते आहे.” होडी उलटली नाही.

कुरटे नावाच्या त्या बेटावर शिवाजी महाराजांनी किल्ल्याचे बांधकाम सुरू केले ते २५ नोव्हेंबर १६६४ रोजी. त्याआधी पूजा झाली ती किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी, आणि तो धोंडा आजही तिथे आहे. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली सुमारे तीन वर्षांत काम पुरे झाले. पायाचे चिरे बसवताना शिसे ओतले गेले. तट जवळपास तीन किलोमीटर लांबीचा आणि आतली जागा अठ्ठेचाळीस एकरांची आहे. या गोष्टी मालवणने आम्हाला चाळीस वर्षांपूर्वी सांगितल्या होत्याच, पण एक गोष्ट तिने सांगितली नव्हती: होडी अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा दिसत नाही. समोर नुसता तट असतो, आणि आता धडकणार असे वाटत असताना दोन बुरुजांच्या वळणाआड वाट उघडते. “हे का नाही सांगितलेस?” असे मी विचारले तर म्हणाली, “सांगितले असते तर काय राहिले असते?”

दोन फांद्यांचा माड आम्हाला पाहायला मिळाला नाही. तो पुढे विजेने गेला, असे नावाड्याने सांगितले. म्हणजे माड खरोखर होता. आम्ही पाचजणींनी मालवणची रीतसर माफी मागितली, आणि चाळीस वर्षे थकलेली ती माफी तिने व्याजासह मागून घेतली. व्याज म्हणजे बार्शीने धक्क्यावर सगळ्यांना कोकम सरबत पाजणे.

मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती विहिरींपाशी. दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव अशी त्यांची नावे आहेत, आणि चारही बाजूंनी खारे पाणी असलेल्या त्या बेटावर त्यांचे पाणी गोडे आहे. मी जतची मुलगी आहे. १९७२ च्या दुष्काळात मी सात वर्षांची होते आणि आमच्या विहिरीत उतरून वाटीने घागर भरणारी आई मला आठवते. मी वर उभी राहून दोर धरत असे आणि घागर भरायला किती वेळ लागतो हे मोजण्यासाठी पाढे म्हणत असे. तेराचा पाढा मला त्या विहिरीने शिकवला. दूधबावीच्या काठावर एका बाईने पोहऱ्याने पाणी काढून माझ्या ओंजळीत ओतले, ते मी प्यायले आणि तोंडावरूनही फिरवले. वडिलांच्या पत्राला उत्तर लिहायचे राहून गेले होते. ते जाऊन आता एकवीस वर्षे झाली. समुद्र पळून गेला नव्हता, एवढे त्यांचे खरे ठरले.

तटाच्या आत शिवराजेश्वराचे मंदिर आहे, ते राजाराम महाराजांनी बांधले. तिथे आम्ही बसलो आणि निपाणीने पर्समधून तिळगुळाची पुडी काढली. मंदिरात कोणी फार बोलले नाही.

संध्याकाळी वहिनींनी हळदीकुंकू केले. मला ते टाळायचे होते, कारण बार्शीचे यजमान २०२१ मध्ये कोरोनात गेले आणि तेव्हापासून जानेवारीत ती कोणाकडे जात नाही. वहिनी स्वतः त्याच वाटेने गेलेल्या आहेत, हे माझ्या लक्षातच आले नाही. त्यांनी करंडा उघडला, ओळीत बसलेल्या आम्हा सहाजणींकडे पाहिले आणि पहिले बोट बार्शीच्या कपाळाला टेकवले. मग करंडा तिच्या हातात दिला आणि आपले कपाळ पुढे केले. बार्शीने त्यांना कुंकू लावले, थोडे वाकडे लागले, ते पदराने सारखे केले. वाण म्हणून प्रत्येकीला घरचे दोन नारळ मिळाले. माझे दोन्ही नारळ ठाण्यापर्यंत आले आहेत.

रात्री जवळच्या एका गावात जत्रा होती आणि जत्रेत दशावतार होता. वाढदिवसाच्या रात्री जेवून लवकर झोपावे, असा माझा विचार होता, पण होस्टेलमध्ये नऊ वाजता दरवाजा बंद होत असे याचा सूड घ्यायचा आहे, असे निपाणीने जाहीर केल्यावर कोणाचे काही चालले नाही. देवाची पालखी फिरून झाल्यावर, मध्यरात्रीच्या सुमारास, देवळासमोरच्या मांडवात पेटी, मृदंग आणि झांज सुरू झाली. दशावतारात सगळ्या भूमिका पुरुषच करतात आणि आपापली रंगरंगोटीही स्वतःच करतात. मांडवाच्या मागे एक मिशी काढलेला तरुण आरशाचा तुकडा गुडघ्यावर ठेवून भुवया काढत होता, त्याने सुती नऊवारी ज्या सफाईने नेसलेली होती तशी आमच्यापैकी एकीलाही नेसता येत नाही.

मुख्य आख्यानाच्या आधी आडदशावतार असतो. पुष्कळ मंडळे आता तो आटोपता घेतात, पण या मंडळाने राखला होता. त्यात वेद चोरणारा संकासुर येतो. अंगावर काळा वेष, आणि तोंडाला येईल ते मालवणीत बोलण्याची त्याला मुभा असते. तो लोकांच्या खोड्या काढत मांडवभर फिरत होता, आणि अचानक आमच्या चटईसमोर येऊन उभा राहिला.

“हंय जत कोण?”

मालवणने दिवसा कोणाला तरी निरोप धाडला होता, हे त्या क्षणी मला कळले. पाचही जणींनी माझ्याकडे बोट दाखवले.

“जत? हो गाव खंय इलो?” त्याने मांडवाला विचारले. कोणालाच माहीत नव्हते. मागून एक म्हातारा ओरडला की कर्नाटकात आहे. त्यावर निपाणीने उठून, कर्नाटकात मी आहे, जत महाराष्ट्रात आहे, असा खुलासा केला. मांडवात हशा झाला. संकासुराने माझे वय विचारले, मी साठ सांगितले, तेव्हा तो छातीवर हात मारून म्हणाला, “साठ? मी वेद चोरलंय तेवा ही चवथीत होती!”

इतके हसून पोटात दुखण्याची वेळ माझ्यावर बरीच वर्षे आली नव्हती. हजारभर अनोळखी लोक माझ्या वयावर हसत होते आणि मला त्याचा जो आनंद होत होता, तो ऐंशी पाहुण्यांच्या हॉलमध्ये झाला असता का, हे मुलाला मी विचारलेले नाही. आख्यान पहाटे चारला संपले. कराड तोवर मृदंगवाल्याशेजारच्या खांबाला टेकून गाढ झोपली होती.

अठरा तारीख अर्थातच आळसात गेली. देवबागेला कर्ली नदी समुद्राला मिळते ती जागा पाहिली, आणि उन्हे उतरल्यावर धामापूरच्या तलावावर जाऊन बसलो. तो तलाव १५३० मधला आहे आणि अजूनही गावांच्या कामी येतो. २०२० मध्ये त्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान्यता मिळाली. काठावर भगवतीचे देऊळ आहे, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. जवळच्या आंब्यांना मोहोर होता. अर्धा तास सहाजणींपैकी कोणीही बोलले नाही, ही आमच्या बाबतीत नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

हिशेब माझ्याकडे होता. वसतिगृहात आमचा बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. प्रत्येकीने महिन्याला पाच रुपये टाकायचे आणि त्यातून सिनेमा, भेळ, आणि कोणी आजारी पडली तर मोसंबी आणायची, असा नियम होता. तो डबा चंदगडने सांभाळून ठेवला आहे आणि या सहलीला ती तो घेऊन आली होती. त्यात या वेळी पाचजणींनी दहा-दहा हजार टाकले आणि माझे पैसे घ्यायला साफ नकार दिला. खाते जुळवताना एक खातेदार फुकट ठेवण्याची पद्धत नाही, असे मी दोनदा सांगितले, पण मतदान झाले आणि मी पाच विरुद्ध एक अशी हरले. वहिनींनी राहण्या-जेवणाचे पैसे घेतले नाहीत. आम्ही निघताना त्यांच्या तांदळाच्या डब्यात पाकीट ठेवले, आणि ते कुडाळ स्थानकावर गाडीची वाट पाहत असताना बार्शीला आपल्या नारळांच्या पिशवीत सापडले. शेवटी चंदगड, निपाणी आणि कराड यांनी गाडी उलटी फिरवली, पुन्हा मालवण गाठले आणि ते पाकीट शेजारच्या दुकानदाराकडे, वहिनींच्या वर्षाच्या वाणसामानापोटी जमा केले. पावतीचे छायाचित्र माझ्याकडे आले तेव्हा आमची गाडी रत्नागिरीच्या पुढे होती.

सगळे वजा जाता ६१० रुपये उरले आहेत. डबा आता माझ्या कपाटात आहे, कारण यापुढे मला वेळच वेळ आहे, असे सगळ्यांचे मत पडले. पुढची साठी कराडची, एप्रिलमध्ये. कुठेही चालेल, पण जिथे जिना नाही आणि होडी नाही अशाच ठिकाणी ती येणार आहे. आणि निपाणीने कालच गटावर हंपीचा नकाशा टाकून, तुंगभद्रा ओलांडायला तिथे टोपलीसारख्या गोल होड्या असतात, अशी माहिती दिली आहे.